बादली तीच, घर बदललं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की आमच्या बिल्डिंगमधे माणसं काही फार वाढली नाहीत, उलट काही फ्लॅटमधे तर एकेकटं माणूस राहतं, तरी सुक्या कचऱ्याच्या गोण्या मात्र दुप्पट निघतात, हे काय गौडबंगाल आहे. बस, एवढंच. त्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअॅप आले की संपादक म्हणाले या वेळचं सदर कचऱ्यालाच देऊन टाका. दिलं. नावं नेहमीसारखी काढलीत, गावं ठेवलीत. आणि आधीच सांगते, मी या विषयातली तज्ज्ञ वगैरे नाही, सोसायटीच्या कमिटीत सहा वर्षं होते आणि त्यातली चार खताच्या पिटाशेजारी नाकाला ओढणी लावून काढली, अधिकार म्हणाल तर तेवढाच.

ताई, आम्ही नारायण पेठेत वाड्यात होतो तेव्हा घरात सात माणसं आणि कचऱ्याची बादली एक, तीही अर्धीच भरायची. आता कोथरूडला आम्ही दोघंच, मुलगा-सून बंगलोरला, तरी रोज बादली शिगोशीग. आम्ही उधळे झालो का? — एक निवृत्त शिक्षक, कोथरूड

सर, उधळे नाही झालात, सुटे झालात. म्हणजे बघा, वाड्यात सात जणांत तेलाचा डबा एक, पेपर एक, गव्हाचं पोतं एक. आता तेच सात जण तीन घरांत वाटले गेले, तुम्ही इथे, मुलगा तिकडे, भाऊ असेल वारज्याला नाहीतर धायरीला, आणि प्रत्येक घरात वेगळी तेलाची पिशवी, वेगळा पेपर, वेगळा झाडू, रिमोटचे वेगळे सेल. माणसं तेवढीच, दारं तिप्पट. पुण्याची लोकसंख्या 2001 ला साधारण 25 लाख होती, 2011 ला 31 लाख, पुढची जनगणना 2021 ला व्हायची ती तेव्हा झालीच नाही त्यामुळे आता किती आहोत ते जो तो आपापल्या अंदाजाने ठोकून देतो. पण कचऱ्यासाठी तो आकडा अर्धाच कामाचा आहे, दारं किती वाढली ते बघायला पाहिजे, कारण घर जितकं लहान तितका माणशी कचरा जास्त.

शिवाय लहान घर लहान पाकिटं आणतं. दोघांना पाच किलो डाळ काय करायचीय, कीड लागेल, म्हणून पाव किलोची चार पाकिटं येतात, आणि पाव किलोच्या चार पाकिटांना एक किलोच्या एका पाकिटापेक्षा प्लॅस्टिक जास्तच लागतं. वाड्यात एक आणखी होतं की वस्तू कचरा व्हायच्या आधीच तिला कुणीतरी धनी असायचा. सालं गाईला, रद्दी वाण्याला पुड्या बांधायला, जुन्या साड्या बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं, फुटका बल्ब तेवढा बादलीत. आता गाय नाही, वाणी पॅकबंद माल विकतो आणि बोहारीण गेटवरच अडवली जाते (वॉचमन विचारतो, कुठल्या फ्लॅटला जायचंय, अॅपवर एंट्री आहे का!). त्यामुळे जे आधी पाच दिशांना जायचं ते सगळं एकाच बादलीत येऊन पडतं.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी आमची सुकी बादली जुन्या चादरीवर ओतून बघितली. दोन माणसं, तीन दिवस. दुधाच्या पिशव्या सहा, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या चार, शाम्पूची बाटली, वेफर्सची पाकिटं, कुरिअरचे दोन पुठ्ठे आणि त्यातून निघालेल्या फुग्याफुग्याच्या प्लॅस्टिकचा हा एवढा गोळा, आणि दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्यांच्या कागदी पिशव्या पाच. त्यातली एक पिशवी फक्त कोथिंबिरीसाठी आली होती. एक जुडी. मीच मागवली होती, कुणाला नावं ठेवू?

तुम्हीही ओता एकदा. काकूंना आधी सांगून ठेवा मात्र.

मी नांदेडची, आठ महिन्यांपासून धानोरीत राहते. आमच्याकडे घंटागाडी यायची, कचरा टाकायचा, विषय संपला. इथे एक ताई दारात येतात आणि महिन्याला पैसे मागतात. टॅक्स तर घरमालक भरतोच ना? मग हे वेगळे पैसे कशाचे? — एक भाडेकरू, धानोरी

हा प्रश्न पुण्यात नवीन आलेला प्रत्येक माणूस विचारतो आणि पुण्यातल्या निम्म्या जुन्यांनाही उत्तर माहीत नसतं, त्यामुळे लाजू नका.

या बायका महापालिकेच्या पगारावर नाहीत. पूर्वी याच बायका, किंवा यांच्या आया-सासवा, खांद्याला पोतं लावून कचराकुंड्यांत हात घालून कागद-काच वेचायच्या. 1993 साली त्यांची संघटना झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, हमाल पंचायतवाले बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. मग कुंडीत उतरण्यापेक्षा दारात जाऊनच कचरा घेतला तर, असा विचार पुढे आला आणि त्यातून ‘स्वच्छ’ नावाची सहकारी संस्था उभी राहिली, तिचा महापालिकेशी 2008 मधे करार झाला. दारातून कचरा उचलायचे पैसे घरांनी थेट द्यायचे आणि त्यातून निघणारं भंगार त्या ताईंनी विकायचं, असा हिशोब. म्हणजे त्यांची कमाई दोन ठिकाणची, तुमची महिन्याची रक्कम आणि तुमचा सुका कचरा. पुढे गाडीने नेणं, प्रक्रिया करणं, ते टॅक्समधून.

आता यात एक गंमत आहे. जुन्या पुणेकराची रद्दी रद्दीवाल्याकडे जाते, बाटल्या भंगारवाल्याकडे, आणि ताईंच्या हाताला काय लागतं तर तेलकट पन्नी. भाडेकरूंच्या घरात पेपर येतच नाही, मोबाईलवर वाचतात, पण ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठे ढिगाने येतात आणि ते किलोवर विकायला कुणाला वेळ नसतो, सरळ दाराबाहेर ठेवतात. आमच्याकडे येणाऱ्या ताई मला स्पष्टच म्हणाल्या होत्या, तुमच्या मालकांच्या विंगपेक्षा ती बी विंग बरी, तिथं पुठ्ठा आणि बिसलरी मिळते. (पाण्याची बाटली कुठल्याही कंपनीची असो, त्यांच्या भाषेत ती बिसलरी.) सोसायटीच्या मीटिंगमधे मात्र बी विंगवाले भाडेकरू म्हणजे कचरा करणारे, असं दरवेळी ठरतं.

तर पैसे द्या. आणि पुठ्ठे कोरडे ठेवून द्या, भिजलेल्या पुठ्ठ्याला कोणी हात लावत नाही.

आम्ही चार जण, वाकडला टू बीएचके, सगळे आयटीत. दोन नागपूरचे, एक इंदूरचा, मी लातूरचा. सोसायटीच्या मावशी कचऱ्याला 9 वाजता येतात तेव्हा दोघं झोपलेले असतात आणि दोघं निघालेले. कचरा तीन-तीन दिवस साचतो, वास मारतो, परवा 500 रुपये फाइन लागला. सोल्यूशन सांगा, ज्ञान नको. — चौघांतला एक, वाकड

बरं. ज्ञान नको तर नको.

वास येतो तो फक्त ओल्याचा, आणि ओला म्हणजे तुमच्या घरात बहुतेक उरलेली बिर्याणी, ग्रेव्ही आणि हाडं. एक झाकणाचा डबा घ्या, त्यात हे सगळं टाका आणि फ्रीजरमधे ठेवा. हो, फ्रीजरमधे, तोंड वाकडं करू नका, तुमच्या फ्रीजरमधे बर्फाशिवाय असतं तरी काय. ज्या दिवशी मावशींची आणि तुमच्यातल्या कुणाची गाठ पडेल त्या दिवशी बाहेर काढा. दुसरं, पार्सलचा डबा रिकामा झाला की त्याच मिनिटाला नळाखाली धरा, दुसऱ्या दिवशी ती ग्रेव्ही सिमेंट होते मग तो डबा कुणीच धूत नाही, आणि न धुतलेला डबा भंगारात घेत नाहीत. धुतलेला घेतात, डब्याच्या खाली त्रिकोणात 5 आकडा असतो ते पॉलिप्रॉपिलीन, कडक प्लॅस्टिकमधे जातं. तिसरं, ऑर्डर करताना चमचे-टिश्यू नको हे बटण दाबा, तुमच्या ड्रॉवरमधे आत्ता किमान चाळीस काटे-चमचे आणि तेवढीच सॉसची पाकिटं असणार, पैज लावते. आणि चौथं म्हणजे रात्री झोपताना दोन झाकणाच्या बादल्या दाराबाहेर ठेवल्या तर चालतील का हे मावशींना विचारा, कमिटीला नको. कमिटी ठराव करेल, मावशी हो म्हणतील.

दंडाबद्दल मात्र माझी सहानुभूती तुम्हालाच आहे. बॅचलर फ्लॅटवर सगळ्यांचा डोळा असतो, शेजारच्या फॅमिलीवाल्यांच्या बादलीत ओल्यात डायपर सापडला तरी त्यांना नुसती आठवण करून देतात.

आणि एक, हे ज्ञान नाही, निरीक्षण आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारी पोरं तुमच्याच वयाची, खोलीत तुमच्यापेक्षा जास्त दाटीने राहतात, पण त्यांचा कचरा बघितला तर झेरॉक्सच्या नोट्स, पेनं आणि चहाचे कप. जेवणाचं पॅकिंग जवळजवळ नाहीच, कारण मेसचा डबा स्टीलचा असतो आणि तो संध्याकाळी परत जातो. वाकडला मेस कमी नाहीत. महिन्याचे पैसेही वाचतील, बघा बुवा.

आमची सोसायटी खराडीला, 420 फ्लॅट, अर्ध्याहून जास्त भाडेकरू. बिल्डरने दिलेलं खताचं मशीन वास येतो म्हणून तक्रारी झाल्याने दीड वर्ष बंद आहे. वर्गीकरणाचे मेसेज टाकून टाकून थकलो, कुणी ऐकत नाही. दर वर्षी जनजागृतीचा कार्यक्रमही ठेवतो. काय चुकतंय? — सेक्रेटरी

साहेब, तुमचं पत्र वाचताना मला वाटलं हे मीच लिहिलंय.

आधी नियमाचं सांगून टाकते म्हणजे कमिटीत वाद नको. 2016 च्या घनकचरा नियमांत होतं की 5000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलाने कचरा वेगळा करायचा आणि ओल्याची विल्हेवाट शक्यतो आतच लावायची, आणि दिवसाला सरासरी 100 किलोच्या वर कचरा काढणारे ते मोठे निर्माते. तुमच्याकडे घरटी अर्धा किलो ओला धरला तरी 200 किलोच्या वर जातं. तेव्हा सुटका नाही.

आता मशीन. बिल्डर मशीन देतो आणि ब्रोशरमधे लिहितो 24 तासांत खत. ते खत नसतं हो. मशीन कचरा बारीक करतं, कल्चर (म्हणजे कचरा कुजवणारे जीवाणू) आणि भुस्सा मिसळतं, काही मशीन वाळवतात, आणि बाहेर पडतं ते चहापावडरसारखं गरम गरम काहीतरी. ते पुढे क्रेटमधे दोन-तीन आठवडे मुरायला लागतं, मधे मधे हलवावं लागतं, ओल बघावी लागते, तेव्हा त्याचं खत होतं. बिल्डरने मशीनला खोली दिली असेल पण क्रेट ठेवायला जागा ठेवली नसेल, कारण ती जागा त्याने पार्किंग म्हणून विकली. आम्ही पहिल्या वर्षी तीच गरम पावडर माळीदादांना दिली, त्यांनी जास्वंदीला घातली आणि आठ दिवसांत दहाही जास्वंदी जळाल्या. त्यावरून झालेली एजीएम, म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा, मी विसरणार नाही.

वास येतो तो कचऱ्याचा नाही, पाण्याचा. आमटी, भात, ताक, कलिंगड, सगळं आत गेलं आणि सुकं काही गेलं नाही की आत हवा राहत नाही आणि ते कुजतं. एक बादली ओल्याला निदान एक बादली सुका पाला, हा आमचा हिशोब. पाला कुठून आणायचा? तुमच्या सोसायटीत फेब्रुवारी ते एप्रिल झाडं पानं गाळतात तेव्हा हाऊसकीपिंगवाले ती गोळा करून फेकतात किंवा चोरून जाळतात, ती गोण्यांत भरून ठेवा, पावसाळ्यात सोनं आहे. आणि रोज बघायची खूण म्हणजे मूठभर उचलून दाबायचं, लाडू वळला आणि बोट लावल्यावर फुटला तर बरोबर, हातातून पाणी गळलं तर पाला टाका. हे आमच्याकडे बघणारा मुलगा ओडिशाचा होता, त्याला मराठी येत नव्हतं, मला ओडिया येत नव्हतं, लाडू मात्र दोघांना येत होता.

आता माणसांचं. तुमचा कार्यक्रम वर्षातून एकदा होतो ना? लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, 11 महिन्यांचं असतं. तुमच्याकडे दोनशेच्या वर भाड्याची घरं म्हणजे सगळे नाही बदलले तरी महिन्याला दहा-वीस घरं नवीन. गणपतीत ज्यांना शिकवलं ते दिवाळीनंतर निघून गेले, आणि आलेले कोलकात्याहून किंवा विजयवाड्याहून आले, त्यांच्या गावची पद्धत वेगळी, तिथे कदाचित सगळं एकत्रच घेत असतील. तुम्ही मराठीत लांबलचक मेसेज टाकता, खाली ‘आदेशावरून’. तो कोण वाचेल? सामान आत येताना लिफ्ट बुक करतात, पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद देतात, त्याच वेळी एका पानावर फोटो छापून द्या, मजकूर नको, नुसते फोटो, इकडे केळ्याची साल तिकडे दुधाची पिशवी. दोन बादल्या त्याच वेळी हातात द्या, पैसे डिपॉझिटबरोबर घ्या. आमच्याकडे याने जेवढा फरक पडला तेवढा चार वर्षांच्या भाषणांनी पडला नव्हता.

पण सगळ्यात मोठी चूक मलाही तिसऱ्या वर्षी कळली. सभेला येणारा माणूस आणि बादली भरणारा माणूस एकच नसतो! नवरा-बायको दोघं नोकरीला, स्वयंपाकाच्या ताई वेगळ्या, भांड्याच्या वेगळ्या, भाजी चिरून सालं कुठे टाकायची हे त्या ठरवतात. आम्ही एकदा दुपारी साडेबाराला पार्किंगमधे त्यांची मीटिंग घेतली, चहा-वडापाव, 31 जणी आल्या. त्यातली एक म्हणाली, बाई, मी पाच घरं करते, एका घरी निळी बादली सुक्याची, दुसरीकडे निळी ओल्याची, तिसरीकडे दोन्ही लाल, मी डोक्यात काय काय ठेवू? आम्ही सगळे गप्प. मग पूर्ण बिल्डिंगला हिरवी ओल्याला निळी सुक्याला असं करून टाकलं, दोन महिन्यांत मिसळलेल्या बादल्या एकदम कमी झाल्या, आणि ज्या राहिल्या त्या बहुतेक मालकांच्या घरच्या.

अजून एक, पुण्यात खत, सोलर, पावसाचं पाणी यातलं एक चालू ठेवलं तर मिळकतकरात 5 टक्के आणि दोन ठेवले तर 10 टक्के सवलत आहे. पण ती मिळते मालकाला, आणि रोज सालं वेगळी करतो भाडेकरू. निदान दिवाळीला खताची एकेक पिशवी तरी भाडेकरूंच्या दारात पोचवा.

तुम्ही शहरातले लोक लोकसंख्या वाढली वाढली म्हणून चर्चा करता. तुमची वाढलेली लोकसंख्या आमच्या उशाशी येऊन पडते त्याचं काय? — फुरसुंगी

याला उत्तर देण्याचा अधिकार मला नाही, तरी पत्र छापते कारण ते छापायलाच हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुण्याचा कचरा आधी कोथरूडला जायचा. आज वनाजजवळ मेट्रोचा डेपो आहे ना, तीच जागा, जुने कोथरूडकर अजून तिला कचरा डेपोच म्हणतात. शहर कोथरूडपर्यंत आलं, तिथे फ्लॅट उठले, मग कचरा उचलून उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत गेला. म्हणजे शहर जसजसं सरकतं तसा कचरा त्याच्या पुढे पुढे सरकतो, आणि तो जिथे जातो तिथे आधीच गाव असतं ही बारीक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. विहिरींचं पाणी गेलं, टँकर आले. 2017 च्या एप्रिलमधे डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि तीन आठवडे शहराचा कचरा शहरातच राहिला. मला आठवतंय, आमच्या कोपऱ्यावर ढीग लागला होता आणि सगळे नाकाला रुमाल लावून म्हणत होते काय हा त्रास, तीन आठवडे! तुम्ही तेव्हा किती वर्षं काढली होती त्याच्याशेजारी?

त्याच वर्षी तुमची गावं महापालिकेत घेतली, पुढे ती परत बाहेर काढून फुरसुंगी-उरुळी देवाचीची वेगळी नगरपरिषद केली. 2021 ला आणखी 23 गावं शहरात आली आणि पुणे क्षेत्रफळात मुंबईच्याही पुढे गेलं. या नव्या गावांत शेताच्या बांधावर बाराबारा मजली टॉवर आहेत, आणि नगर रोडला नाहीतर कात्रजच्या पुढे रस्त्याच्या कडेला जे काळ्या पिशव्यांचे ढीग दिसतात ते बघून मला भीती वाटते की पुढचं फुरसुंगी कुठलं. वॉर्डावॉर्डात छोटे बायोगॅस प्रकल्प काढले ते याच्यावरचाच उपाय म्हणून, पण त्यांना निव्वळ ओला कचरा लागतो, त्यात प्लॅस्टिक गेलं की पंप अडतो, गॅस होत नाही, आणि मग तो कचरा पुन्हा गाडीत बसून बाहेरचा रस्ता धरतो. तुमच्या दिशेने.

मी स्टुटगार्टला असते. आई-बाबा दोघंच औंधला, बाबा अंथरुणाला खिळून आहेत. दिवसाला चार डायपर निघतात, शिवाय इन्सुलिनच्या सुया. कचरा घेणाऱ्या ताई कुरकुर करतात असं आई म्हणते. इथे कसं सगळं सिस्टिमॅटिक आहे. — एक मुलगी, स्टुटगार्ट

आईंना आधी माझा नमस्कार सांग. हे काम सोपं नाही.

शहर म्हातारं होतंय ते सगळ्यात आधी कचरा घेणाऱ्या ताईंना कळतं. पूर्वी डायपर म्हणजे बाळाचा, आता मोठ्यांचे, आणि मोठ्यांचा ओला डायपर चांगलाच वजनदार असतो, आतली जेल पाणी धरून ठेवते म्हणून. त्याचं खत होत नाही, त्याचं काही विकलं जात नाही, आणि तो उचलायचा हाताने. त्यांनी कुरकुर केली तर चुकलं काय? आईंना सांग, प्रत्येक डायपर घट्ट गुंडाळून पेपरात बांधायचा आणि वर लाल पेनने मोठा ठिपका काढायचा. पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेनेच ही लाल ठिपक्याची खूण सुरू केली, ठिपका दिसला की त्या पुडकं उघडत नाहीत. ते वेगळं हातात द्यायचं, ओल्या-सुक्यात दडवायचं नाही. खरं तर डायपर बनवणाऱ्यांनी पाकिटाबरोबर गुंडाळायची पिशवी द्यावी असं 2016 च्या नियमांत होतं, तुझ्या बाबांच्या पाकिटात निघते का विचार.

सुया हे त्याहून महत्त्वाचं. रिकामी हँडवॉशची किंवा तत्सम जाड बाटली घ्यायची, सुई वापरली की थेट तिच्यात, भरत आली की झाकण लावून चिकटपट्टी मारायची आणि वर ‘सुया’ असं मोठ्या अक्षरात लिहायचं, हिंदीतही लिहा. ती बाटलीही वेगळीच द्यायची. ताईंच्या हातात बऱ्याचदा नुसते कापडी मोजे असतात. आणि जमलं तर महिन्याला त्यांना थोडे जास्त पैसे दे, तू युरोत कमावतेस.

तुझ्या सिस्टिमॅटिकबद्दल. जर्मनीत एकदाच वापरायची बाटली दुकानात परत नेली की 25 सेंट मिळतात, 2003 पासून आहे ते, छानच आहे. इथे बाटलीला हमी रक्कम नाही तरी रिकामी बाटली रस्त्यावर दहा मिनिटं राहत नाही, कुणीतरी उचलतंच, कारण कुणाचं तरी पोट त्यावर आहे. तुमच्याकडे सिस्टिम आहे, इथे त्या ताई आहेत.

आता उरलेल्यांची पटापट.

दुधाची पिशवी धुवून द्यायची का? हो, आणि कोपरा कापून बाजूला टाकू नका, पिशवीला लागलेला राहू द्या, तो इवलासा तुकडा कुणीच वेचत नाही. 2018 च्या प्लॅस्टिकबंदीच्या वेळी पिशवी परत दिली की 50 पैसे मिळणार असं जाहीर झालं होतं, आमच्या दूधवाल्या दादांना मी विचारलं तर ते इतके हसले की मी परत विचारलं नाही.

वेफर्सचं चकचकीत पाकीट सुक्यातच ना? सुक्यातच, पण ते विकलं जाईल या भ्रमात राहू नका. प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, वेगळे करणं परवडत नाही. रिकाम्या पाकिटात पाकीट कोंबत जा, निदान उडत नाहीत.

शहाळ्याचं काय करायचं? अहो तुम्ही शहाळं घरी आणताच कशाला, गाडीवर उभं राहून प्या, त्याला तिथे बाकीच्या ढिगाबरोबर टाकू दे. घरी आणलं तर ते ना तुमच्या खताच्या बादलीत कुजत ना ताईंच्या गोणीत मावत.

मुलीने कपड्यांचे सहा जोड काढलेत, नवेकोरे, दोनदा घातलेले, बोहारीण येत नाही, काय करू? वॉचमनला सांगा, पुढच्या वेळी सोड म्हणून. पण एक सांगते, आता त्याही कपडे हातात घेऊन ताणून बघतात, सुती असेल तर खूश, त्या ताणल्या जाणाऱ्या पॉलिस्टरच्या सहा टॉपला मला गेल्या वर्षी चहाचं एक गाळणं मिळालं.

माळ्यावर 2016 सालचं थर्माकोलचं मखर आहे. आता बंदी आहे म्हणतात, मग ते कचऱ्यात कसं द्यायचं? — एक आजोबा, चिंचवड. देऊ नका आजोबा. तोडलंत तर त्याचे दाणे पार चापेकर चौकापर्यंत जातील. माळ्यावर आहे ना, नीट आहे ना, मग नवीन आणू नका आणि हे फेकूही नका, दरवर्षी तेच बसवा. सोंडेपाशी थोडं पिवळं पडलं असेल तर वर झेंडूची माळ सोडा, कुणाला कळतंय.